पुस्तकपेटी वस्तीवर कशी न्यावी: गावच्या वाचनालयांसाठी क्रमवार मार्गदर्शन

लांबच्या वस्तीवरच्या माणसांना तिथेच पुस्तकं मिळावीत म्हणून वाचनालय तिथे ठेवतं ती पुस्तकांची पेटी म्हणजे पुस्तकपेटी. आमच्या वाचनालयाची पहिली पेटी तांड्यावर चार महिने होती. परत आणायला गेलो तेव्हा तिच्यावर कुटाराचं पोतं ठेवलेलं होतं आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच सांगता येत नव्हतं. कुलूप तोडलं. आत सत्तेचाळीस पुस्तकं, भरली तशीच. उद्घाटनाला मात्र साठ माणसं जमली होती.

त्यानंतर आम्ही सात वस्त्यांवर पेट्या चालवल्या, त्यांतल्या पाच आजही चालू आहेत. आसपासच्या वाचनालयांचे ग्रंथपाल आणि संचालक विचारायला येतात आणि बहुतेकांचं काम एकाच ठिकाणी अडलेलं दिसतं. पेटी आधी बनवतात, पुस्तकं भरतात, पाहुणे बोलावतात. सांभाळणारं माणूस, वेळ, नोंद हे सगळं ‘नंतर पाहू’ म्हणून राहून जातं. क्रम उलटा हवा. आधी वस्ती, मग माणूस, मग जागा आणि वेळ, मग ठराव, पुस्तकं, नोंद, आणि पेटी सगळ्यात शेवटी. पहिल्या फेरीपासून पेटी जाईपर्यंत सहा ते आठ आठवडे धरून चाला.

## टप्पा १: रिकाम्या हातांनी दोनदा जा

तांडा असो, कोलामांचा पोड असो की नदीपलीकडचा टोला, पहिल्या दोन फेऱ्यांत पुस्तक नेऊ नका आणि कसलंही आश्वासन देऊ नका. एक फेरी सकाळी करा, दुसरी दिवेलागणीनंतर. मध्ये किमान आठवडा जाऊ द्या. सकाळची वस्ती आणि संध्याकाळची वस्ती यांत फार फरक असतो, आणि पेटी उघडणार आहे ती संध्याकाळच्या वस्तीत.

‘तुम्हाला वाचायला आवडतं का?’ हा प्रश्न विचारू नका. पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. त्याऐवजी विचारा, ‘मागच्या महिन्यात घरात काय काय वाचलं?’ मग खरी उत्तरं येतात: बियाण्याच्या पिशवीमागची माहिती, पोथी, बचत गटाची वही, मुलाचं पाठ्यपुस्तक, नातवाने मोबाइलवर वाचून दाखवलेला निरोप. कोणाला काय लागेल याची पहिली खूण इथेच मिळते.

घरात कोणती बोली बोलतात तेही विचारा. गोंडी, कोलामी किंवा बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणाऱ्या घरातल्या पहिली-दुसरीच्या मुलाला मराठी पुस्तक ही दुसऱ्या भाषेतली गोष्ट असते. त्याच्या हातात ओळीच ओळी असलेलं पुस्तक दिलं तर तो ते बंद करून ठेवतो आणि आपण समजतो की मुलाला आवड नाही.

संध्याकाळी घरात उजेड किती असतो, मोठ्यांपैकी किती जणांना चष्मा लागतो आणि किती जणांकडे तो आहे, हे बघून घ्या.

वस्ती रिकामी कधी होते, हे इतर कोणत्याही माहितीपेक्षा जास्त कामाचं आहे. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी लागली की दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत घरात दिवसा माणूस नसतं, आणि संध्याकाळी पाठ टेकायचीच घाई असते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे जुलै-ऑगस्टची रोवणी आणि नोव्हेंबरची धानकापणी हे तसे महिने. जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफूल वेचायला जातात आणि मे महिन्यात तेंदूपत्ता असतो. पुसद-उमरखेड आणि वाशीम भागातल्या काही तांड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात, मुलंही बरोबर जातात. हे सगळं वस्तीवरच्याच माणसांना विचारून एका कागदावर महिन्यावार लिहा आणि तो कागद वाचनालयाच्या भिंतीला लावा. वर्षभराचं काम त्या कागदावरून चालेल.

तपासून पाहा: दोन फेऱ्यांनंतर कागदावर पंधरा संभाव्य वाचकांची नावं आणि साधारण वय लिहिता येतं का? येत नसेल तर तिसरी फेरी करा. पुढचा टप्पा घेऊ नका.

## टप्पा २: सांभाळणारं माणूस शोधा

पेटी टिकते ती या माणसावर. आमच्या पाच पेट्यांपैकी तीन दहावी-बारावी शिकून सून म्हणून वस्तीवर आलेल्या बाया सांभाळतात, एक किराणा दुकानदार आणि एक निवृत्त कोतवाल. यांच्यात सारखेपणा एवढाच आहे की त्यांच्या दारात पोरं न बोलावता येऊन बसतात. माणूस निवडताना मी आता हीच एक गोष्ट बघते.

सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे पदाधिकारी यांचा पाठिंबा जरूर घ्या, पण पेटी त्यांच्याकडे देऊ नका. ते दिवसभर बाहेर असतात, आणि गावात दोन गट असतील तर एका गटाची पोरं त्या दारात पाय ठेवणार नाहीत. एकट्या शिक्षकावरही सोडू नका. शिक्षकांची बदली होते, आणि मुलांना वाचायला वेळ असतो तेव्हाच शाळेला कुलूप असतं. विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा जूनच्या शेवटीच उघडतात. सुट्टी इतकी लांब, आणि पेटी शाळेच्या खोलीत बंद! नववी-दहावीतली हुशार मुलगी मदतनीस म्हणून फार चांगली, पण मुख्य जबाबदारी तिच्यावर नको. अकरावीला ती तालुक्याला जाईल आणि पेटी पोरकी होईल.

विचारायला घरी जा. सून असेल तर सासू-सासऱ्यांसमोर बोला, कारण ओटा त्यांचाही आहे आणि रोज येणारी पोरंही त्यांनाच सोसायची आहेत. काम नेमकं सांगा: आठवड्यातून दोन संध्याकाळी, प्रत्येकी एक तास, पेटी उघडायची, वहीत लिहायचं, बंद करायची. गोडगोड बोलून ‘काहीच काम नाही’ असं सांगू नका. काम आहे.

तुम्ही हे सगळं सांगत असताना समोरच्या बाईच्या मनात एकच प्रश्न असतो. आमच्या एका ताईने तो सरळ विचारला होता: “पुस्तक हरवलं त मले भरा लागन काय?” तो प्रश्न येण्याची वाट बघू नका. आपणच पहिल्या पाच मिनिटांत सांगा की हरवलेल्या पुस्तकाचा एक रुपयाही तुमच्याकडून घेतला जाणार नाही. आणि ते समितीच्या ठरावात लिहून त्याची प्रत तिला द्या.

माणसं नेहमी दोन हवीत. दुसऱ्या घरी एक जादा किल्ली ठेवा. लग्न, बाळंतपण, दवाखाना, माहेर यांपैकी काही ना काही वर्षातून येतंच.

मानधन देता आलं तर उत्तम. स्थानिक देणगीतून थोडं का होईना द्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण हे काम आहे आणि बायांच्या कामाला आपण फार सहज ‘सेवा’ म्हणतो. देता येणार नसेल तर आशा लावू नका. बिनावर्गणी सभासदत्व द्या आणि दिवाळी अंक आले की पहिला अंक तिच्या घरी जाऊ द्या.

इशारा: काम सून करणार आणि फलकावर नाव सासऱ्यांचं, असं होऊ देऊ नका. फलकावर, वहीवर, वार्षिक अहवालात जी सांभाळते तिचंच नाव.

## टप्पा ३: जागा आणि वेळ

जागा निवडताना पहिला निकष एकच: वस्तीतल्या प्रत्येक घरचं माणूस तिथे संकोच न करता येऊ शकतं का? उत्तर बाहेरून कळत नाही. वस्तीच्या कडेला राहणाऱ्या घरी जाऊन विचारा, ‘तुमची पोरं त्या ओट्यावर जातात का?’ जात नसतील तर ती जागा कितीही प्रशस्त असली तरी सोडा. आमच्या एका गावात मंदिराचा सभामंडप मोठा आणि पंखा असलेला होता, पण अर्धी वस्ती तिथे येत नव्हती. पेटी बुद्धविहाराजवळच्या शिलाई मशीनच्या खोलीत नेली तर दुसरी अर्धी येईना. शेवटी दोन्हींच्या मधल्या पिठाच्या गिरणीशेजारी ओटा मिळाला. गिरणीवर सगळे येतात.

जमिनीत ओल नसावी, वरून पाणी गळत नसावं, धान्याची पोती शेजारी नसावीत. पोत्यांमागे उंदीर येतात.

वेळ वस्तीलाच ठरवू द्या. जिथे गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना किंवा हरिपाठ रोज होतो, तिथे त्या वेळेशी टक्कर घेऊ नका. प्रार्थना सुटल्यावर माणसं जमलेलीच असतात, पेटी तेव्हा उघडा. विहारात रविवारी वंदना होत असेल तर तिच्यानंतरची वेळ घ्या. होळीनंतर वेळ सकाळी साडेसातची करा, कारण एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो आणि दुपारी कोणालाही बाहेर बोलावणं बरोबर नाही.

दोन वार, एक वेळ, खडूने भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. ‘केव्हाही या’ असं लिहिलं की कोणी येत नाही आणि सांभाळणारीला दिवसभर अडकून पडावं लागतं.

## टप्पा ४: समितीचा ठराव

पेटीतली पुस्तकं वाचनालयाच्या दाखल नोंदवहीतलीच (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात लिहितात ती वही) असतात, पण तपासणीच्या दिवशी ती कपाटात नसणार. आपलं वाचनालय महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यताप्राप्त असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडून तपासणी होते. तेव्हा ‘पुस्तकं वस्तीवर आहेत’ हे तोंडी सांगून भागत नाही. त्यामुळे कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव घ्या. त्यात वस्तीचं नाव, सांभाळणाऱ्या दोघांची नावं, पुस्तकांची कमाल संख्या आणि हरवलेल्या पुस्तकाचा भुर्दंड सांभाळणाऱ्यावर पडणार नाही हे वाक्य असावं. इतिवृत्तात नोंद, यादीची एक प्रत फाइलला. अर्ध्या तासाचं काम आहे, पण हे न केल्यामुळे घाबरून पेट्या परत आणलेली वाचनालयं मी पाहिली आहेत.

## टप्पा ५: पुस्तकं निवडा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या मागे एकच विचार असतो: चांगली पुस्तकं वाचनालयात राहू द्या, उरलेली पेटीत घाला. फाटलेल्या कादंबऱ्या, जुन्या गाइड, कोणीतरी दान केलेले शासकीय अहवाल. वस्तीवरच्या माणसाला हे पहिल्याच दिवशी कळतं. पेटीत काय घातलं आहे यावरून आपण त्यांना काय समजतो हे ते ओळखतात.

पहिल्या खेपेला पन्नासच पुस्तकं. शंभर घातली तर पेटी दोघांना उचलत नाही आणि दुसऱ्या खेपेला नवीन द्यायला काही उरत नाही. आमची मांडणी साधारण अशी असते:

- चित्रांची, एका पानावर दोन-तीन ओळींची बालपुस्तकं: १८
- तिसरी ते सातवीच्या मुलांसाठी गोष्टी, विज्ञान, प्राणी, खेळ: १२
- मोठ्या टाइपातली, पातळ, एका बैठकीत संपणारी मोठ्यांची पुस्तकं: ८
- शेती, जनावरं, कुक्कुटपालन, शेळीपालन: ५
- आरोग्य, बाळंतपण, कायदा, योजना यांची सोप्या भाषेतली माहिती: ४
- चरित्रं: ३

हे प्रमाण तुमच्या वस्तीवरून बदला. टप्पा १ मधल्या नावांची यादी समोर ठेवा आणि प्रत्येक नावासमोर किमान एक पुस्तक लिहून बघा. ज्या नावासमोर लिहिता येत नाही, त्या माणसासाठी पेटीत काही नाही.

बालपुस्तकांसाठी नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त आणि चित्रांच्या दृष्टीने चांगली असतात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे सुटे अंक मुलं पुस्तकापेक्षा आधी उचलतात, कारण अंक हलका असतो आणि कुठूनही सुरू करता येतो. गोंडी बोलणाऱ्या वस्तीसाठी प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर गोंडीतल्या गोष्टी मोफत आहेत. रंगीत छापून, दोरा घालून त्यांची पुस्तिका करता येते. शेतकऱ्यांसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘कृषी संवादिनी’ ठेवा. आमच्याकडे मोठ्या माणसांनी मागितलेली पहिली वस्तू तीच होती, आणि ती मागायला आलेल्या काकाजींनी जाताना नातीसाठी चित्रांचं पुस्तक नेलं.

राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान या केंद्र सरकारच्या संस्थेच्या योजनेतून आलेले पुस्तकांचे गठ्ठे वाचनालयात असतील तर आधी त्यांची दोरी सोडा. आमच्याकडे एका गठ्ठ्याची दोरी दीड वर्ष तशीच होती. त्यात लहान मुलांची चौदा कोरी पुस्तकं निघाली. मन फार खाल्लं.

काय घालू नये तेही सांगते. संदर्भग्रंथ, शब्दकोश, दुर्मीळ प्रती, जाड कादंबऱ्या नकोत. स्पर्धा परीक्षेची पुस्तकंही नकोत. ती पंधरा दिवसांत एकाच मुलाकडे जाऊन बसतात, आणि त्या मुलाला पुस्तकापेक्षा टेबल, उजेड आणि शांतता हवी असते. त्याला अभ्यासिकेत बोलवा. कोणत्याही पक्षाची, प्रचाराची पुस्तिका पेटीत गेली तर त्या दिवसापासून पेटी एका गटाची होते.

तपासून पाहा: पन्नास पुस्तकं टेबलावर मांडा आणि वाचनालयात येणाऱ्या दोन मुलांना सांगा, ‘यातली पाच घरी न्या.’ त्यांना पाच मिळायला वेळ लागला तर निवड पुन्हा करा.

## टप्पा ६: नोंद सोपी करा

वाचनालयातली देवघेवीची पद्धत जशीच्या तशी वस्तीवर नेऊ नका. दाखल क्रमांक चार-पाच अंकी असतो, पुस्तकाच्या आत शिक्क्याखाली असतो, आणि कंदिलाच्या किंवा एका बल्बच्या उजेडात ४३१७ चा ४३७१ कधी होतो ते कळत नाही.

प्रत्येक पुस्तकाच्या पाठीमागे कापडी पट्टीवर मोठ्या अक्षरात पेटीक्रमांक लिहा: १, २, ३ असा ५० पर्यंत. वाचनालयातल्या यादीत पेटीक्रमांकासमोर दाखल क्रमांक असेल. सांभाळणाऱ्या ताईला दाखल क्रमांकाशी काही देणंघेणं नाही. दुसऱ्या खेपेची पुस्तकं ५१ पासून सुरू करा. एकदा दिलेला पेटीक्रमांक दुसऱ्या पुस्तकाला कधीच देऊ नका. ही चूक आम्ही केली आहे. १२ नंबरचं पुस्तक नेमकं कोणतं यावरून एका मुलावर विनाकारण आळ आला, आणि त्या घरचं कोणी पुढे वर्षभर पेटीकडे फिरकलं नाही.

वहीत रकाने चारच: तारीख, पेटीक्रमांक, वाचकाचं नाव, परत आल्याची तारीख. पुस्तकाचं नाव लिहायला लावू नका. सही, अंगठा, आधार क्रमांक, पालकांचं संमतिपत्र यांतलं काहीही मागू नका. सरकारी कागदासारखं दिसलं की माणूस मागे सरतो. वहीला मधे दोरीने पेन बांधा. एकाला एका वेळी एकच पुस्तक, पण तीन वर्षांखालच्या मुलाच्या आईला दोन द्या, एक तिच्यासाठी, एक बाळासाठी.

अनामत घेऊ नका. वाचनालयात ती रास्त आहे, वस्तीवर दहा रुपयेही दार बंद करतात.

पहिल्या दिवसाआधी सांभाळणाऱ्या दोघींना वाचनालयात बोलवा आणि पुस्तकं देण्या-घेण्याचं नाटक वीस वेळा करून घ्या. नुसतं समजावून सांगितलं की सगळ्या ‘हो, समजलं’ म्हणतात. हाताने केलं की पाचव्या नोंदीला अडचण समोर येते.

## टप्पा ७: आता पेटी

पत्र्याची, साधारण अडीच फूट लांब, दोन्ही बाजूंना कड्या असलेली. तळाला लाकडी फळी टाका आणि पेटी दोन विटांवर ठेवा. जमिनीला टेकलेल्या पेटीत उधई (वाळवी) पावसाळ्यात हमखास शिरते. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो. डांबराच्या गोळ्या घालू नका, लहान मुलं पुस्तकं तोंडापर्यंत नेतात. पुस्तकं आडवी रचू नका, कणे वर दिसतील अशी उभी लावा. झाकणाच्या आतून यादी चिकटवा. किल्ल्या तीन: दोघींकडे एकेक, एक वाचनालयात.

## टप्पा ८: पहिला दिवस

फीत, हार, नारळ, पाहुणे काही नको. पाहुणे आले की मुलं मागे उभी राहतात आणि भाषणं संपेपर्यंत जेवणाची वेळ होते.

पेटी उघडण्याआधी वीस मिनिटं एक गोष्ट मोठ्याने वाचा. वाचणाऱ्याने घरी तीनदा वाचून आलेलं असावं. वाचताना पुस्तक मुलांकडे तोंड करून धरा, पान उलटताना थांबा. गोष्ट संपली की तेच पुस्तक पेटीवर ठेवा, प्रश्न विचारू नका, तात्पर्य सांगू नका. मग पेटी उघडा आणि मागे सरा. मुलांना स्वतःच्या हाताने पुस्तकं काढू द्या, उलटीपालटी करू द्या. अर्धा तास गोंधळ होईल. होऊ द्या.

आमच्या तिसऱ्या पेटीच्या पहिल्या दिवशी एक दुसरीतली मुलगी बराच वेळ पेटीजवळ उभी होती. हात फ्रॉकला पुसले, पुन्हा पुसले, तरी पुढे करेना. मी हत्तीचं पुस्तक तिच्यासमोर धरलं तर म्हणाली, “मळलं त?” तिच्या बोटांना वेचणीची काळी रेघ होती. मी म्हटलं, “मळू दे.” तिने ते छातीशी धरून नेलं आणि पुढच्या वारी वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणलं. तेव्हापासून आमच्या सांभाळणाऱ्यांना पहिली सूचना हीच असते की मळलेल्या पुस्तकावर बोलायचं नाही. मळलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक.

इशारा: फोटो काढायचे तर एक-दोन, तेही मुलं पुस्तकात गुंतल्यावर. अहवालासाठी सगळ्यांना पुस्तक धरून रांगेत उभं करू नका.

## टप्पा ९: अदलाबदल

पाच-सहा आठवड्यांनी नवीन पुस्तकं न्या. सगळी पेटी बदलू नका. ज्यांच्यासाठी पुढचा नंबर लागलेला आहे ती राहू द्या, वीस-पंचवीस बदला. काय बदलायचं ते वहीवरून ठरतं: ज्याची एकही नोंद नाही ते आधी परत.

जाताना भिंतीवरचा कागद बघा. वेचणीच्या हंगामात अदलाबदल नेमाने व्हायलाच हवी असं नाही, वार एकच ठेवला तरी चालतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र तीन आठवड्यांना बदला, कारण मुलं झपाट्याने वाचतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात, त्या दिवशी पेटी उघडू नका.

ऊसतोडीला निघणाऱ्या घरांकडून पुस्तकं गोळा करायची घाई सगळेच करतात. आम्ही उलट करतो. निघण्याआधी त्या मुलांना दोन-दोन पातळ पुस्तकं बरोबर देतो आणि वहीत ‘परत’च्या रकान्यात गुढीपाडवा लिहितो. काही परत येत नाहीत. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीत, सहा महिने त्या मुलांजवळ दुसरं काही वाचायला नसतं, म्हणून ही तूट आम्ही ठरवून सोसतो.

## टप्पा १०: हरवलं, फाटलं

दंड नाही, वहीत लाल शाई नाही, नाव वाचून दाखवणं नाही. सांभाळणाऱ्या ताईने जाता-येता ‘पुस्तक सापडलं का?’ एवढंच विचारावं, दोनदा. त्यानंतर वर्षअखेरीस हरवलेल्यांची यादी कार्यकारी मंडळापुढे ठेवा, ठराव घ्या आणि निर्लेखनाच्या रीतीने जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाला विचारून नोंदवहीतून कमी करा. नोंदवहीत स्वतःहून खोडाखोड करू नका.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. वर्ष-दोन वर्षांत तो पिवळा पडतो, डिंक सुटतो आणि शेजारची पानंही चिकटतात. मैद्याची पातळ खळ आणि पतंगाच्या कागदाची पट्टी वापरा. बाइंडर खळीत मोरचूद घालतात, मुलांच्या पुस्तकांना ती खळ नको, मोरचूद विषारी असतं. दुरुस्ती महिन्यातून एकदा पेटीशेजारीच बसून करा. मोठी मुलं स्वतःहून हात लावतात आणि नंतर लहानांना जपून उलटायला सांगतात.

## टप्पा ११: तीन महिन्यांनी तपासणी

एकूण किती पुस्तकं गेली हा आकडा फसवा असतो. चार मुलंच वीस-वीस पुस्तकं नेतात आणि आकडा ऐंशी दिसतो. वही घेऊन तीन गोष्टी मोजा: वेगवेगळी नावं किती, त्यांत अठरा वर्षांवरची किती, आणि मागच्या महिन्यात पहिल्यांदा आलेली किती. पन्नास घरांच्या वस्तीवर पंचवीस वेगवेगळी नावं आली तर आम्ही पेटी नीट चालली असं धरतो. नवीन नाव एकही नसेल तर वेळ किंवा जागा चुकली आहे, पुस्तकं नव्हे. वस्तीच्या कोणत्या बाजूची घरं वहीत नाहीत ते बघा, त्या घरी जाऊन चहा घ्या आणि विचारा.

सांभाळणाऱ्या ताईशी एकटीने बोला. तिला हे ओझं वाटायला लागलं असेल तर ती ते चारचौघांत सांगणार नाही.

पेटी बंद करावी लागली तर पोतं पडायची वाट बघू नका. आधी ताईकडे जा, तिची चूक नाही हे तिच्या घरच्यांसमोर सांगा, वही तिच्यासमोर पूर्ण करा आणि मग पेटी उचला. ज्या मुलांच्या नावावर त्या दिवशी पुस्तक आहे, त्यांच्याकडून ते काढून घेऊ नका. त्यांना वाचनालयाचं बालसभासद करून घ्या, आणि पुस्तक परत करायला आठवडी बाजाराच्या दिवशी वाचनालयात यायला सांगा. त्या दिवशी वाचनालय बाजार उठेपर्यंत उघडं ठेवा.